धुळीतील रेघा : जिव्या सोमा म्हसे यांची चित्रसाधना

पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी हे तालुके वारली चित्रकलेचे माहेरघर म्हणून आज सर्वपरिचित आहेत. शासकीय इमारतींच्या भिंती, शाळांची प्रवेशद्वारे, साड्या, शुभेच्छापत्रे, इतकेच काय चहाचे कप, अशा सर्व ठिकाणी गेरूच्या रंगावर उमटलेली ती पांढरी, त्रिकोणी माणसे दिसतात. या कलेला जगाच्या नजरेसमोर नेणारे कलावंत म्हणजे जिव्या सोमा म्हसे. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला, हेही अनेकांना ठाऊक असते. परंतु ते चित्रे काढू लागले ते कशामुळे, याचा विचार सहसा होत नाही. वस्तुतः शिक्षक, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि मुलांशी संबंध येणारे अधिकारी यांच्या दृष्टीने त्यांच्या जीवनातील हाच भाग सर्वांत अधिक विचार करण्याजोगा आहे.

म्हसे यांचा जन्म १९३४ चा. तलासरी तालुक्यातील धामणगाव हे त्यांचे जन्मगाव. त्या वेळी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. जिव्या सुमारे सात वर्षांचा असताना त्याची आई वारली. त्या आघाताने मुलाचे बोलणे थांबले, आणि ते थोड्याथोडक्या दिवसांसाठी नव्हे; काही वर्षे तो बोलला नाही. या काळात त्याला काही सांगावयाचे असले, तर तो जमिनीवरच्या धुळीत रेघा ओढून ते सांगत असे. हळूहळू त्याच्या या रेघांकडे पाड्यातील लोकांचे लक्ष वेधले गेले आणि मुका झालेला मुलगा चित्रे काढतो, अशी त्याची ओळख झाली.

त्या मुलाला चित्रकला कोणी शिकविली नव्हती. कागद, पेन्सिल अथवा रंग यांपैकी काहीही त्याच्याजवळ असण्याचा संभव नव्हता. त्याच्याजवळ होती ती धूळ. धूळ हे साधन किती सोयीचे आहे, याची कल्पना शहरी वाचकास चटकन येणार नाही. ती विनामूल्य आहे आणि पायाशीच आहे. तीत काढलेली रेघ तळहाताने पुसता येते, त्यामुळे काही चुकले असे होत नाही. पाहणारा निघून गेला किंवा वारा आला की चित्रही जाते. ते जपण्याची, कोणास दाखविण्याची, त्यावर शेरा मिळविण्याची चिंता नसते. घाबरलेल्या मुलास याहून निर्धोक पाटी मिळणे कठीण.

परंपरा आणि तिची मर्यादा

पुढे जिव्या डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या कळंबीपाड्यास आला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. मोलमजुरी, शेतीकाम हाच त्याचा निर्वाह होता. या ठिकाणी त्याच्या धुळीतील रेघांना भिंतीवरची जागा कशी मिळाली, हे समजण्यासाठी वारली समाजातील चित्रांची मूळ रीत ध्यानी घेतली पाहिजे.

वारली घराची भिंत कुडाची. कारवीच्या काठ्या अथवा बांबू विणून त्यावर शेणमातीचे लिंपण केले जाते आणि वरून गेरूचा हात फिरवितात. तांदूळ वाटून त्याचे पीठ पाण्यात कालवले की पांढरा रंग तयार होतो. बांबूची काडी टोकाशी चावून मऊ केली की कुंचला होतो. लग्नप्रसंगी या साहित्याने घरातील भिंतीवर चौक लिहिला जातो. होय, ‘काढला’ असे न म्हणता वारली लोक तो ‘लिहिला’ असेच म्हणतात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते, शेजारच्या देवचौकात पंचशिऱ्या देव असतो. धवलेरी लग्नाची गाणी म्हणते आणि तिच्या गाण्याच्या साथीने सवाशिणी चौक लिहितात. हे काम स्त्रियांचे. त्यातही ज्यांचे पती हयात आहेत त्यांचेच. लग्न लागले की चौकाचे प्रयोजन संपते. पुढच्या लिंपणाखाली तो झाकला जातो आणि कोणास त्याची हळहळ वाटत नाही.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतील. एक, चित्र काढणे ही या समाजात पुरुषाची बाब नव्हती. दुसरी, ती रोजची बाब नव्हती; प्रसंगापुरती होती. जिव्याने हे दोन्ही नियम मोडले. तो पुरुष असून चित्रे काढू लागला, आणि लग्नाची वाट न पाहता दररोज काढू लागला. यामागे रूढीविरुद्ध बंड करण्याचा हेतू होता, असे समजण्यास आधार नाही. ज्याची वाणी काही काळ रेघांतूनच चालली होती, त्याच्या हाताला रेघेची सवय जडली होती, एवढेच कारण पुरेसे वाटते. समाजानेही त्याला अडविले नाही, हे विशेष. पाड्यातील म्हाताऱ्यांनी हे बायकांचे काम म्हणून त्याच्या हातातील काडी काढून घेतली असती, तर पुढचा सारा इतिहास घडलाच नसता. या सहिष्णुतेचे श्रेय वारली समाजास दिले पाहिजे. ते सहसा दिले जात नाही.

म्हसे यांची चित्रे पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्यांत शोक कोठेही नाही. वारली चित्रातील माणसाला चेहरा नसतो. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर एक लहानसे वर्तुळ आणि हातापायांच्या काड्या, एवढ्यावर माणूस उभा राहतो. रडणारा चेहरा काढण्याची सोयच त्या लिपीत नाही. मग आई गमावलेल्या मुलाने त्या लिपीत काय लिहिले? भाताची लावणी, उडव्या, मुंग्यांचे वारूळ, झाडे, पाखरे, तारपा वाजविणाऱ्याभोवती गोलाकार फिरणारी माणसे. त्यांच्या प्रसिद्ध चित्रांपैकी एक प्रकार मासेमारीच्या जाळ्याचा आहे. संपूर्ण पट बारीक रेघांच्या जाळ्याने भरून गेलेला असतो, हजारो घरे एकमेकांत गुंफलेली असतात आणि त्या अफाट विणीपुढे कोळी मात्र अगदी लहान. असे एक चित्र पुरे करावयास किती एकाग्रता आणि किती बसक लागत असेल, याचा अंदाज ते पाहणाऱ्यास सहज येतो. आपल्या भोवतालचे सर्व जग, माणूस असो की किडा, अहोरात्र हालचाल करीत असते आणि ही हालचाल म्हणजेच जीवन, असा आशय ते आपल्या चित्रांविषयी बोलताना मांडीत असत. त्यांच्या ठिपक्यांत आणि तुटक रेघांत ही हालचाल खरोखरच दिसते. परंपरागत चौकाची स्थिरता तेथे नाही.

दुःखावर उतारा म्हणून कला, असे म्हटले की दुःखच चित्रात उतरले पाहिजे अशी आपली समजूत असते. म्हसे यांच्या उदाहरणाने ती समजूत तपासून पाहावी लागते. त्यांनी आपले दुःख रंगविले नाही. ज्या जगाशी बोलणे तुटले होते, ते जग एकेक वस्तू करून त्यांनी पुन्हा हाताखालून घातले.

भास्कर कुलकर्णी आणि कागद

या चित्रांना कागद मिळाला तो १९७० च्या दशकाच्या आरंभी. मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी हे या भागात आले आणि त्यांनी म्हसे यांचा हात ओळखला. कुलकर्णी यांच्यापाशी पूर्वीचा एक अनुभव होता. १९६६-६७ च्या भीषण दुष्काळात पुपुल जयकर यांनी त्यांना बिहारमधील मिथिला भागात पाठविले होते. घराच्या भिंतीवर चित्रे काढणाऱ्या तेथील स्त्रियांना कागद द्यावा, त्यांची चित्रे विकली जावीत आणि दुष्काळात घरी चार पैसे यावेत, अशी ती योजना. मधुबनी चित्रकला म्हणून जी आज प्रसिद्ध आहे, तिचा घराबाहेरचा प्रवास येथून सुरू झाला. दुष्काळी कामे म्हणजे खडी फोडणे आणि रस्ते करणे, एवढेच आपल्या डोळ्यांसमोर असते. हे काम निराळ्या जातीचे होते.

१९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात म्हसे यांची चित्रे मांडण्यात आली. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी फ्रान्समधील मांतों येथे त्यांची चित्रे प्रदर्शित झाली. १९८९ मध्ये पॅरिस येथील पॉम्पिदू केंद्राने जगभरातील कलावंतांचे जे मोठे प्रदर्शन भरविले, त्यातही त्यांचा समावेश होता. पुढे रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंतासोबत त्यांची कामे युरोपात मांडली गेली. २००२ मध्ये शिल्पगुरू, २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री असे मान त्यांना मिळत गेले. मानसन्मानांची ही यादी येथे विस्ताराने देण्याचे कारण नाही. एवढे मात्र नमूद केले पाहिजे की पहिल्या पुरस्काराच्या वेळी ते बेचाळीस वर्षांचे होते. आईच्या मृत्यूनंतर धुळीत पहिली रेघ ओढली त्याला पस्तीस वर्षे झाली होती. या पस्तीस वर्षांतील बहुतेक काळ त्यांना चित्राचा मोबदला किंवा बाहेरच्या जगाची दाद मिळत नव्हती. तरीही काडी खाली ठेवली गेली नाही.

मिथिलेतील गंगादेवी

ज्या मिथिलेत कुलकर्णी प्रथम गेले, तेथील एका चित्रकर्तीचे उदाहरण याच संदर्भात पाहण्यासारखे आहे. त्यांचे नाव गंगादेवी. त्यांनी चित्रकलेच्या शाळेत पाऊल टाकले नव्हते. घरातील स्त्रियांकडे पाहून जे हाती आले तेवढेच शिक्षण. मूल नाही या कारणाने पतीने दुसरा विवाह केला, घरातील स्थान गेले आणि पोटाचा प्रश्न उभा राहिला. अशा स्थितीत बारीक रेषेची त्यांची चित्रे हीच त्यांची मिळकत आणि हाच त्यांचा आधार ठरला. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८५ च्या भारत महोत्सवानिमित्त त्या अमेरिकेस गेल्या, तेव्हा तेथील जत्रेतील उंच पाळण्याची गाडीसुद्धा त्यांनी आपल्या मिथिला रेषेत बसविली.

यानंतर त्यांना कर्करोग झाला आणि उपचारांसाठी दिल्लीस राहावे लागले. त्या काळात त्यांनी आपल्या आजाराचीच चित्रमालिका काढली. रुग्णालय, खाट, डॉक्टर, उपचार हे सर्व त्यांनी चित्रविषय केले. विवाहाच्या कोहबरातील कमळ आणि मासे ज्या हाताने काढले, त्याच हाताने. म्हसे यांनी दुःखाला वळसा घातला असे म्हटले, तर गंगादेवी त्याच्यासमोर ठाण मांडून बसल्या असे म्हणावे लागेल. दोहोंपैकी कोणती रीत श्रेष्ठ, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. एक आघात मुलावर झाला होता, दुसरा प्रौढ स्त्रीवर. एकाजवळ शब्द उरले नव्हते, दुसरीजवळ आयुष्याचा हिशेब होता.

येथे एक इशारा आवश्यक आहे. चित्रांनी गंगादेवींचा कर्करोग बरा झाला नाही. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. कलेने आजार हटतो अशी भाबडी विधाने व्याख्यानांतून ऐकू येतात. त्यांपासून शिक्षकांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी दूर राहावे. रुग्णालयातील दिवस स्वतःच्या ताब्यात ठेवण्याचे बळ चित्रांनी गंगादेवींना दिले, इतकेच म्हणता येते. आणि ते थोडे नाही. आजारपणातच त्यांनी दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयातील एका खोलीच्या भिंतींवर कोहबर रंगविले होते. २०१५ च्या सुमारास नूतनीकरणाच्या कामात ते नष्ट झाले. पाड्यावरील चौक लिंपणाखाली जातो तो रीतीप्रमाणे. संग्रहालयातील भिंतीला मात्र ते समर्थन लागू पडत नाही.

उपचारपद्धती म्हणून चित्रे

पाश्चात्त्य देशांत या गोष्टीला उपचाराचे रूप मिळाले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. एड्रियन हिल हे इंग्लिश चित्रकार क्षयरोगाने आजारी होऊन आरोग्यधामात पडून असता, वेळ घालविण्यासाठी अंथरुणातच रेखाटने करू लागले. त्याचा आपणास लाभ होतो असे पाहून त्यांनी इतर रुग्णांनाही त्यात ओढले. कला-उपचार या अर्थाची इंग्रजी संज्ञा त्यांनी १९४२ मध्ये रूढ केली, असे मानले जाते. पुढे १९४६ पासून एडवर्ड ॲडमसन यांनी नेदर्न येथील मनोरुग्णालयात रुग्णांसाठी चित्रशाळा चालविली. ॲडमसन रुग्णांना चित्रकला शिकवीत नसत आणि त्यांच्या चित्रांचा अर्थही सांगत नसत. जागा द्यावयाची, साहित्य द्यावयाचे, जवळ राहावयाचे आणि गप्प बसावयाचे, ही त्यांची पद्धत होती. कळंबीपाड्यात ॲडमसन यांचे नाव कोणी ऐकले नसेल. परंतु मुक्या जिव्याला मिळाले ते नेमके हेच.

शाळांच्या संदर्भात

आश्रमशाळेत अथवा जिल्हा परिषदेच्या शाळेत न बोलणारे मूल आढळते, तेव्हा ते मंद आहे किंवा हट्टी आहे, असा निष्कर्ष फार लवकर काढला जातो. न बोलण्याची कारणे अनेक असू शकतात. घरी वारली, कातकरी, भिल्ली अथवा गोंडी बोलणाऱ्या मुलास वर्गातील प्रमाण मराठी परकी वाटते, हे एक साधे कारण. ऐकू कमी येणे हे दुसरे; त्यासाठी कानाची तपासणी प्रथम व्हावी. घरातील मृत्यू, स्थलांतर, मारहाण, आईवडिलांपासून ताटातूट ही इतर कारणे झाली. जे मूल पूर्वी बोलत होते आणि एखाद्या घटनेनंतर थांबले, त्याची दखल विशेष काळजीने घेतली पाहिजे. अशा मुलास वर्गासमोर उभे करून बोलावयास लावणे म्हणजे जखमेवर बोट ठेवणे होय. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना कळवावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाद्वारे जिल्हा रुग्णालयात सल्ला मिळू शकतो, आणि २०२२ पासून केंद्र शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झालेली आहे.

याच्या जोडीला मुलास रेघा ओढण्याची मोकळीक द्यावी. त्यासाठी वेगळी तरतूद लागत नाही. अंगणातील माती, खडूचे तुकडे, कोळसा, गेरू, पिठाचे पाणी यांवर काम भागते. अडचण येते ती दुसरीकडूनच. चित्रकला म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांची तयारी, असा समज शाळांतून पक्का झाला आहे. त्या परीक्षांचा उपयोग आहेच. पण गुण देण्यासाठी पाहिलेले चित्र आणि ऐकण्यासाठी पाहिलेले चित्र यांत मोठे अंतर असते. न बोलणाऱ्या मुलाचे चित्र दुसऱ्या प्रकारे पाहावे. छान आहे असेही घाईने म्हणू नये, आणि हे काय काढलेस असेही खोदून विचारू नये. दाखविले तर पाहावे, आणि उद्या पुन्हा काढण्यास जागा आहे, एवढे त्यास कळू द्यावे.

वारली चित्रकलेच्या प्रशिक्षण वर्गांबाबतही एक गोष्ट स्पष्ट बोलणे बरे. पुष्कळ ठिकाणी छापील तक्ता भिंतीवर लावतात आणि तारपा नाच, झोपडी, ताडाचे झाड अशी ठराविक चित्रे मुलांकडून गिरवून घेतात. त्यातून सजावट होते, विक्रीयोग्य वस्तूही तयार होतात आणि काही घरांना त्याचा आर्थिक हातभार लागतो. तो व्यवसाय म्हणून योग्यच आहे. परंतु ज्या मुलास काही सांगावयाचे आहे, त्याच्यापुढे दुसऱ्याच्या चित्राचा तक्ता ठेवला, तर त्याला सांगावयास जागा कोठे उरते? म्हसे यांच्यासमोर तक्ता नव्हता. सवाशिणींचे चौक त्यांनी पाहिले होते, त्यांतून लिपी उचलली आणि मजकूर स्वतःचा लिहिला.

म्हसे यांचे १५ मे २०१८ रोजी निधन झाले. त्यांचे पुत्र सदाशिव आणि बाळू हे दोघेही चित्रकार झाले. ज्या भागात पूर्वी केवळ सवाशिणींच्या हाती पिठाची वाटी असे, तेथे आज अनेक पुरुष आणि तरुण मुले चित्रे काढतात. कापडावर गेरूचा किंवा शेणाचा हात देऊन, उन्हात वाळवून, बांबूच्या काडीने.